कुत्र्या-मांजरासह राहिलेले भाड्याचे घर सोडताना अनामत रक्कम कशी परत मिळवावी

कोकणात प्राणी पाळणाऱ्या भाडेकरूचे अनामतीवरून होणारे भांडण ओरखड्यांपेक्षा ओलीचेच जास्त असते. चार महिने पाऊस प्यायलेल्या भिंतीचे पोपडे, फुगलेली दारे आणि खोलीतला कुबट वास या सगळ्याचे बिल शेवटी कुत्र्याच्या नावावर फाडले जाते. म्हणून पावसाने केलेले नुकसान आणि प्राण्याने केलेले नुकसान वेगळे करून दाखवणे, हेच घर सोडतानाचे मुख्य काम समजावे.

घर सोडत असल्याचे मालकांना कळवण्यापूर्वी करार बाहेर काढून नीट वाचावा. प्राणी ठेवण्यास परवानगी दिली आहे का, अनामतीतून कोणत्या कारणासाठी कपात करता येते आणि उरलेली रक्कम किती दिवसांत परत करायची, या तीन गोष्टी त्यात शोधाव्यात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो व नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. नोंदणी झालेली नसेल, तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. प्राण्याबद्दल केवळ तोंडी परवानगी मिळाली असेल, तर ‘आपण मांजर ठेवण्यास हरकत नाही असे म्हणाला होता’ एवढा संदेश तरी मालकांना व्हॉट्सॲपवर पाठवून त्यांचे उत्तर जपून ठेवावे.

त्यानंतर दिवसाउजेडी प्रत्येक खोलीची छायाचित्रे काढावीत आणि राहायला आलो तेव्हाच्या छायाचित्रांशी ती ताडून पाहावीत. पावसाची ओल कौलांच्या फटीतून वरून खाली उतरते किंवा जोत्यातून भिंतभर सारखी वर चढते आणि वाळल्यावर क्षारांचा पांढरा थर सोडते. प्राण्याच्या मूत्राचा डाग मात्र एखाद्या कोपऱ्यात, वीतभर उंचीवर, पिवळट कडेचा असतो. ओरखडेही प्राण्याच्या पोहोचीपलीकडे सहसा जात नाहीत.

रत्नागिरीत आम्ही एका चिरेबंदी घराच्या मागच्या दोन खोल्यांत राहत होतो, तेव्हा आमच्या बोक्याला पडवीच्या चौकटीवर नखे घासण्याची खोड होती. चौकट फणसाची, त्यावर हातभर उंचीपर्यंत उभ्या रेघा, आणि तिच्याच तळाशी लाकूड कुजलेले. मालकांनी दोन्ही एकत्र धरून नव्या चौकटीचे पैसे मागितले. मग त्यांच्याच ओळखीच्या सुताराला बोलावले. त्याने तळाशी अंगठा दाबला, तो नखापर्यंत आत गेला. “काका, हे पाणी चढलेलं आहे, मांजर काय करणार?” एवढेच तो म्हणाला. आम्ही रेघा घासून पॉलिश करण्याचा खर्च दिला आणि विषय मिटला.

किरकोळ दुरुस्ती स्वतः करून घेणे स्वस्त पडते. चौकटीवरचे ओरखडे पॉलिश पेपरने घासावेत, खोल असतील तर लांबी (पुट्टी) भरून रंग जुळवावा, फाटलेली डासांची जाळी बदलावी. संपूर्ण खोली रंगवण्याच्या फंदात मात्र पडू नये. वापराने होणारी झीज भाडेकरूच्या माथी मारता येत नाही.

वासाचे काम अधिक चिवट असते. मूत्रातील युरिक आम्लाचे स्फटिक नुसत्या पाण्याने निघत नाहीत आणि हवा दमट झाली की वास पुन्हा डोके वर काढतो. मे महिन्यात स्वच्छ वाटलेली खोली जुलैत बोलू लागते ती यामुळेच. त्यासाठी एन्झाइमयुक्त क्लीनर डागावर ओतून, बाटलीवर लिहिलेला वेळ तसाच राहू द्यावा आणि मग पुसावा. अशा जागी ब्लीच टाकू नये, कारण मूत्रातील अमोनियाशी त्याचा संयोग होऊन विषारी वायू तयार होतो. व्हिनेगर किंवा लिंबूही शहाबादी फरशीवर वा कडाप्प्याच्या ओट्यावर वापरू नये. हे चुनखडीचे दगड असल्याने आम्लाने त्यांवर कायमचे पांढरट डाग पडतात आणि नसलेले नुकसान आपणच करून ठेवतो.

सामान हलवल्यावर, किल्ली देण्यापूर्वी, मालकांसह घर फिरून पाहावे आणि यादी जागच्या जागी लिहून दोघांनी सही करावी. एखाद्या कपातीबद्दल मतभेद असल्यास स्थानिक रंगाऱ्याचा किंवा सुताराचा लेखी अंदाज मागवावा आणि वस्तूचे वय विचारात घेण्याचा आग्रह धरावा. पाच वर्षांपूर्वीच्या रंगासाठी नव्या रंगाची पूर्ण किंमत देण्याचे कारण नाही. तरीही रक्कम अडकून राहिली, तर आधी लेखी मागणी करावी, मग वकिलामार्फत नोटीस द्यावी. रक्कम वसुलीच्या दाव्याची मुदत साधारणपणे 3 वर्षांची असते, त्यामुळे सही केलेली यादी आणि छायाचित्रे किमान तेवढा काळ फोनव्यतिरिक्त आणखी एका ठिकाणी जपून ठेवावीत.