शेंडी कापली, अलार्म गेला

डिप्लोमा करून शिरोली एमआयडीसीत एका पॅनलवाल्याकडे लागलो, तेव्हा शील्डेड केबल (आतल्या वायरींभोवती विजेचा गोंगाट अडवणारी धातूची जाळी असलेली) म्हणजे महागडी केबल एवढीच माझी समज. जाळी उसवायची, पीळ देऊन शेंडी करायची, स्लीव्ह चढवून अर्थच्या टर्मिनलला कसायची. दिसायला सुबक, मल्टिमीटरही लगेच टीं करायचा.

दणका बसला एका फौंड्रीच्या मशीन शॉपमध्ये. स्पिंडल फिरला की एन्कोडरचा (फिरणं मोजणाऱ्या सेन्सरचा) अलार्म. दोन दिवस मी ड्राइव्हचे (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या कंट्रोलरचे) पॅरामीटर चाळत बसलो, एन्कोडरसुद्धा बदलला. तिसऱ्या दिवशी आमचे मामा आले (वायरिंगमधले जुने, सगळ्यांचेच मामा). कनेक्टर उघडून म्हणाले, "ही शेंडी कुणाची रं?"

माझीच. सहा सेंटीमीटरची, वर प्लास्टिकचं कव्हर.

मल्टिमीटर डीसीवर मोजतो. ड्राइव्हचा गोंगाट मेगाहर्ट्झमध्ये असतो, तिथे तारेचा इंडक्टन्स (बदलत्या करंटला विरोध करायचा गुण) आडवा येतो. सेंटीमीटरला साधारण 10 नॅनोहेन्री धरा. सहा सेंटीमीटरच्या शेंडीला 10 मेगाहर्ट्झला जवळपास 4 ओहम होतात. शिवाय शेंडीच्या लांबीएवढ्या आतल्या वायरी उघड्याच राहतात.

मामांनी शेंडी छाटली, केबल नव्याने सोलली. ब्लेड जाळीला लागू न देता बाहेरचं आवरण काढलं, जाळी उलटी दुमडून आवरणावर पसरली, बाहीची घडी घालतात तशी. मग धातूच्या कव्हरचा क्लॅम्प जाळीवर चारी बाजूंनी बसवला. केबल ओढून बघितली, हलली नाही. त्या दिवसापासून अलार्म नाही.

मोटरच्या केबलची जाळी ड्राइव्ह आणि मोटर, दोन्हीकडे अशीच गोल धरायची. 4-20 मिलिअँपच्या (मोजमाप करंटच्या रूपात पाठवणाऱ्या) सेन्सरची मात्र बहुधा पॅनलकडेच, कारण दोन ठिकाणच्या अर्थमध्ये फरक असला तर जाळीतूनच करंट फिरतो. तरी आधी मॅन्युअल उघडा, मामांना नंतर विचारा. आणि शील्ड म्हणजे सेफ्टी अर्थ नव्हे. हिरवी-पिवळी वायर वेगळी लागतेच.

राहिला रंग. पॅनलच्या पत्र्यावर पावडर कोटिंग असतं, त्या थरातून करंट जात नाही; त्यावर क्लॅम्प कसला तर तो नुसता शोभेचा. माझ्या पिशवीत पॉलिश पेपरचा तुकडा कायम असतो. क्लॅम्पखालची जागा चकचकीत घासतो, आणि कोटिंगवाला दर वेळी शिव्या घालतो.