मतमोजणीच्या दिवशी गावाच्या ग्रुपवर लीड कसं टाकावं

फोन चार्ज, टीव्ही चालू, लाईट गेली तर दुसरी सोय, हे कुणी सांगायला नको. मोजणी सकाळी 8 ला सुरू होते. 9 वाजेपर्यंत ग्रुपवर काहीच टाकू नका. आधी टपाली मतं घेतात, आणि सव्वाआठला वाहिन्यांवर जी 'आघाडी' नाचते ती बहुतेक त्यांचीच.

खरी गोची त्यानंतर. पट्टीवर 'अमुक 8 हजारांनी पुढे' आलं की लोक स्क्रीनशॉट मारून मोकळे. अरे, पण कितवी फेरी? एकूण किती? एवढं माहीत नसेल तर तो आकडा सोडून द्या. विधानसभेच्या एका मतदारसंघाला साधारण 14 टेबलं असतात, म्हणजे एका फेरीत 14 मतदान केंद्रं उरकतात. 350 केंद्रं असली तर 25 फेऱ्या. केंद्रं क्रमानं येतात, त्यामुळं एकाच पट्ट्यातली गावं लागोपाठ निघतात. उमेदवाराचा घरचा पट्टा आधी आला की लीड फुगतं, विरोधकाचा आला की पाणी ओसरतं. लोकसभेला तर सहा विधानसभांची मोजणी आपापल्या वेगानं चालते, तिथं मधली बेरीज आणखी फसवी. 2024 ला बीडमध्ये रात्रीपर्यंत जीव टांगणीला होता, शेवटी फरक 6,553 चा. त्याच वर्षी नांदेडच्या लोकसभा पोटनिवडणुकीत 1,457. अशा ठिकाणी दुपारीच 'सीट निघालं' म्हणून फटाके आणायला पळणाऱ्यांना काय म्हणावं!

म्हणून मेसेज असाच लिहा: 'फेरी 9/25, अमुक 3,210 नं पुढे, सकाळी 11:40'. वेळ गाळू नका. तुमचा 11:40 चा आकडा दुपारी 2 ला भलत्याच ग्रुपवर 'ताजी बातमी' म्हणून फिरतो, आणि भांडण तुमच्या दारात येतं. फेरी टीव्हीवर दिसत नसेल तर निवडणूक आयोगाच्या निकालाच्या संकेतस्थळावर बघा. ते थोडं मागं असतं, असू द्या.

'आपला माणूस आत आहे, आतून फोटो आलाय' हा मेसेज सरळ उडवा. मोजणीच्या हॉलमध्ये उमेदवारांच्या प्रतिनिधींना मोबाईल नेऊच देत नाहीत.

शेवटच्या दोन-तीन फेऱ्यांना ग्रुप फक्त ॲडमिनसाठी ठेवा. शिव्या तिथंच सुरू होतात. फेऱ्या संपल्या तरी थांबा: प्रत्येक विधानसभा मतदारसंघातल्या 5 केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या (मत कुणाला गेलं ते दाखवणाऱ्या छापील चिठ्ठ्या) मशीनच्या आकड्यांशी जुळवायच्या असतात.

निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी निकाल जाहीर केला की अभिनंदन टाका आणि ग्रुप सगळ्यांना खुला करा. गुलालाचे फोटो पोरं टाकतीलच.