निराधारच्या पगारीतून भाडं भरणाऱ्या मावशींना घरकुलात कसं न्यायचं

आमच्या गल्लीतल्या मावशींना संजय गांधी निराधार योजनेची महिन्याला १५०० रुपये पगार, म्हणजे सरकारी मदत, येते आणि त्यातले १२०० पत्र्याच्या खोलीच्या भाड्यात जातात. अशा बाया लातूर, परभणी, जालना कुठंही बघा, दर वॉर्डात सापडतील, आणि घरकुल म्हणलं की त्यांना वाटतं ते आपल्यासाठी नाहीच. अहो त्यांच्यासाठीच आहे! प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्ये कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न ३ लाखाच्या आत, देशात कुठंही नावावर पक्कं घर नाही आणि मागच्या २० वर्षांत दुसऱ्या योजनेतून घर घेतलेलं नाही, एवढं बसलं की अर्ज करता येतो. विधवा आणि एकट्या बायांना प्राधान्यही आहे.

सगळ्यात आधी एकच विचारा, मावशी तुमच्या नावावर जागा आहे का?

असली तर स्वतःच्या जागेवर बांधायला अडीच लाख अनुदान, केंद्राचे दीड आणि राज्याचा एक. पण आपल्याकडं खरी अडचण इथंच येते, कारण प्लॉट बॉन्डवर, म्हणजे नुसत्या स्टॅम्प पेपरवर लिहून, घेतलेला असतो. मावशींनी कॅरीबॅगमधून काढून दाखवला, १०० रुपयाचा बॉन्ड, घड्यांवर फाटलेला, पूर्वेला अमक्याचं घर पश्चिमेला रस्ता असं लिहिलेलं, खाली दोन अंगठे, आणि विकणारा माणूस कधीच वारलेला. नुसत्या नोटरीच्या बॉन्डवर मालकी धरत नाहीत, रजिस्ट्री नाहीतर पीआर कार्ड (जागेच्या मालकीचा सरकारी उतारा) लागतं. म्हणून फॉर्म भरायच्या आधी नगररचना विभागात जाऊन हा प्लॉट गुंठेवारीत, म्हणजे मंजुरीशिवाय तुकडे पाडून विकलेल्या प्लॉटांच्या कायद्यात, नियमित होतो का ते विचारा. ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या प्लॉटांना ती सोय केलेली आहे, फी भरावी लागते. ह्यात महिने जातात, पण हे न करता फाईल दिली तर ती तिथंच पडून राहते.

जागाच नसली तर महापालिका किंवा म्हाडाच्या प्रकल्पातला फ्लॅट. अनुदान मिळतं पण उरलेले पैसे आपल्याला भरायचे असतात, आणि साठी ओलांडलेल्या बाईला बँक एकटीला सहसा कर्ज देत नाही. लेक नाहीतर जावई सोबत सही करणार का, हे बुकिंगच्या आधी घरात बसून ठरवा. बुकिंगचे पैसे भरून मग भांडणं झालेली मी बघितलीत.

कागदांचं थोडक्यात सांगतो. निराधारसाठी तहसीलचा उत्पन्नाचा दाखला काढलेलाच असतो, त्याची मुदत बघा. आधार, रेशनकार्ड, बँक पासबुक तिन्हीवर नाव एकसारखं पाहिजे, आमच्या मावशी आधारवर सुमनबाई आणि पासबुकात सुमन, त्यातच तीन चकरा झाल्या. खातं ज्यात पगार येते तेच द्या, ते आधारला जोडलेलं असतं. फॉर्म ऑनलाईन भरतात, आधारच्या मोबाईलवर ओटीपी येतो, म्हणून तो नंबर चालू ठेवा.

मंजुरी आली की लगेच खोली सोडू नका, हे मी हात जोडून सांगतो. पैसे एकदम येत नाहीत, टप्प्याटप्प्याने येतात, जोतं झालं की नगरपरिषदेचा माणूस येऊन जागेवर फोटो काढतो, मग लिंटेल (दारं-खिडक्यांवरची पट्टी), मग स्लॅब. तोवर भाडंही चालूच असतं, म्हणून पाच-सहा महिन्यांचं भाडं आधीच बाजूला काढा, बचत गटातून उचलायचं तर हप्ता केवढा बसतो ते बघून उचला. आणि वेळ साधा! दिवाळी झाली की जोतं काढा, फेब्रुवारीच्या आत स्लॅब पडू द्या. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये स्लॅबवर मारायला टँकर घ्यायचा म्हणजे अनुदानातलेच पैसे पाण्यात जातात.

खोली सोडायची ती नव्या घरात लाईटचं मीटर आणि नळ आल्यावरच. त्या दिवशी मालकाकडून डिपॉझिट मोजून घ्या. मग आधार आणि रेशनवर नवा पत्ता टाका, आणि तहसीलच्या निराधार शाखेतही कळवा, नाहीतर हयातीच्या पडताळणीला माणूस जुन्या खोलीवर जाऊन "राहत नाही" लिहून येतो.