ट्रकांच्या विम्याचा हप्ता कमी यावा म्हणून रेकॉर्ड कसे ठेवावे

पावसाळ्यात गोव्यात डिचोली, उसगावकडे खनिजाचे ट्रक उभे असतात. चार-पाच गाड्यांच्या मालकाने विम्याची फाइल काढायची ती याच दिवसांत. मुदत संपायच्या आदल्या दिवशी एजंटला फोन केला, तर तो सांगेल तो आकडा भरावा लागतो.

सुरुवात पॉलिसीपासून करा. प्रीमियमचे दोन भाग असतात: थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीचा, आणि ओन डॅमेज, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा. थर्ड पार्टीचा दर केंद्र सरकार गाडीच्या एकूण वजनावर ठरवते. जून २०२२ च्या दरपत्रकात १२ ते २० टनांच्या मालवाहू गाडीला तो ३५,३१३ रुपये होता. रेकॉर्ड कितीही चांगला असला तरी त्यात रुपया कमी होत नाही. घासाघीस करायची ती ओन डॅमेजच्या भागात.

मग कंपनीकडून प्रत्येक गाडीचा मागच्या तीन वर्षांचा क्लेमचा तपशील लेखी मागून घ्या. खरा पैसा इथे आहे. क्लेम नसेल तर नो क्लेम बोनस, म्हणजे ओन डॅमेजच्या प्रीमियममधली सूट, दरवर्षी २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्क्यांवर जातो; एका क्लेमने तो शून्यावर येतो. समजा ओन डॅमेजचा प्रीमियम ४०,००० आहे आणि बोनस ५० टक्के. मडगार्ड आणि दिव्यासाठी १५,००० चा क्लेम केलात, तर पुन्हा ५० टक्क्यांवर चढेपर्यंत पाच नूतनीकरणांत मिळून सुमारे ५०,००० रुपये जास्त जातात (प्रीमियम तेवढाच राहिला असे धरून). किरकोळ दुरुस्ती खिशातून करा, असे मी ठामपणे सांगेन.

आता कागद. फिटनेस, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी असल्याचा दाखला, वेळेवर केला म्हणून कोणी सूट देत नाही, हे आधीच मनात पक्के करा. पण फिटनेस किंवा परमिट संपलेल्या गाडीला अनमोड घाटात अपघात झाला, तर क्लेमच अडकतो. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत फिटनेस दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी; तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहा. परमिट नसणे हा कायद्याचा मूलभूत भंग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटले आहे. थर्ड पार्टीला भरपाई कंपनी देते, पण नंतर ती मालकाकडून वसूल करू शकते. जास्त माल भरलात तर दंड २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २,०००. आणि अपघात झाल्यास क्लेम कापून मिळण्याची भीती वेगळीच.

ड्रायव्हर नवा असो वा जुना, त्याचे लायसन्स ‘सारथी’ या सरकारी संकेतस्थळावर स्वतः तपासा. इंधनाच्या टँकरला धोकादायक मालाची नोंद लायसन्सवर हवीच. जीपीएस असेल तर दर महिन्याचा वेगाचा अहवाल छापून ठेवा, ब्रेक-टायर बदलल्याची बिले त्याच फाइलला लावा.

नूतनीकरणाच्या दीड-दोन महिने आधी ही फाइल घेऊन निदान तीन कंपन्यांकडून दर मागवा आणि सगळ्या गाड्यांची बोलणी एकत्र करा. एका गाडीसाठी कोणी दर हलवत नाही. मुदत संपून ९० दिवस उलटले की जमवलेला बोनस जातो, तेव्हा उशीर करू नका. ट्रक विकणार असाल तर बोनसचे पत्र कंपनीकडून आधी घ्या. बोनस मालकाचा असतो, ट्रकबरोबर गिऱ्हाइकाला जात नाही.