गावातल्या मेडिकलमध्ये दुसऱ्या ब्रँडची गोळी दिली तर

मिरजेच्या डॉक्टरांनी लिहून दिलेला ब्रँड जत-आटपाडीकडं बऱ्याचदा मिळत नाही. दुकानदार दुसरी स्ट्रिप पुढं करतो, "हेच आहे" म्हणतो. जुनी स्ट्रिप शेजारी धरून पडताळा:

१. मोठं रंगीत नाव सोडा. बारीक अक्षरातलं मूळ औषधाचं नाव जुळवा. त्याच्यापुढं बहुधा 'आयपी' (भारतीय औषधकोशाची खूण) छापलेलं असतं.

२. मिलिग्रॅमचा आकडा तोच हवा.

३. नावामागची अक्षरं नीट बघा, खरी गल्लत इथंच होते. एसआर, ईआर, एक्सआर म्हणजे औषध हळूहळू सुटणारी गोळी. मधुमेहाची साधी मेटफॉर्मिन ५०० आणि एसआर ५०० एकमेकींच्या जागी चालत नाहीत. बीपीच्या टेल्मिसार्टनपुढं एएम असेल तर त्यात अम्लोडिपिन, एच असेल तर हायड्रोक्लोरोथायझाइड मिसळलेलं असतं. म्हणजे औषधच वेगळं.

४. बॅच नंबर आणि मुदतीची कड कापू नका, गोळ्या दुसऱ्या टोकाकडून काढा. ०८/२०२७ म्हणजे ऑगस्टअखेरपर्यंत.

पहिल्या तिनांतली एक जरी गोष्ट जुळली नाही, तर गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा. एसआर गोळी चुरडून तर अजिबात देऊ नका, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विशेषतः.