चुंबकी इनसोल घालण्याआधी काय तपासावे

चुंबकी सुकतळा (इनसोल) पायात असल्याने निरोगी माणसाला चुंबकाचा त्रास होत नाही. रक्तातले लोह हिमोग्लोबिनमध्ये बांधलेले असते, त्याला चुंबक लोखंडासारखा ओढत नाही. म्हणूनच ‘अशा सुकतळ्याने रक्ताभिसरण वाढते’ या विक्रेत्यांच्या दाव्यातही दम नाही. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत टाचदुखीच्या 101 रुग्णांना 8 आठवडे चुंबकाचे किंवा बिनचुंबकाचे इनसोल दिले होते. दोन्ही गटांच्या दुखण्यात फरक आढळला नाही. तरीही वापरायचेच असतील, तर पुढील क्रमाने जा.

आधी शरीरात बसवलेली उपकरणे आठवा. पेसमेकर किंवा आयसीडी (हृदयाची धोकादायक लय झटका देऊन ठीक करणारे उपकरण) असेल तर हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय वापरू नका. पाय छातीपासून लांब असतो हे खरे, पण बूट छातीशी धरून नेताना किंवा गुडघा छातीजवळ घेऊन नाडी बांधताना चुंबक जवळ येतो. चुंबकामुळे आयसीडी झटका देणे तात्पुरते थांबवू शकते. चुंबक आणि उपकरण यांत किमान 15 सेंटीमीटर अंतर हवेच. इन्सुलिन पंपाबाबतही डॉक्टरांना विचारा.

मग पायाची संवेदना तपासा. खरा धोका इथेच आहे. मधुमेहात तळव्याची जाणीव कमी झाली की चुंबकाचा उंचवटा टोचतो आणि ते कळतच नाही. एकाच जागी दाब पडत राहून घट्टा, फोड आणि शेवटी जखम होते. बधिरपणा असेल किंवा पूर्वी जखम झाली असेल, तर गाठी असलेला सुकतळा पूर्ण टाळा.

बसवताना बुटातला मूळ सुकतळा काढा. दोन्ही एकावर एक घातले तर बोटे वर दाबली जातात. नवा सुकतळा मोठा असेल तर मूळ सुकतळ्यावर ठेवून पुढची कडाच कापा, चुंबकाला कात्री लावू नका. आत हात फिरवून टोचणारी जागा शोधा.

पहिल्या दिवशी तासभरच घाला, नंतर रोज थोडा वेळ वाढवा. दरवेळी मोजा काढून तळवा पाहा, वाकता येत नसेल तर आरसा घ्या. लाली अर्ध्या तासात गेली नाही किंवा मुंग्या आल्या, तर वापर थांबवा.

एमआरआयच्या खोलीत हे बूट नेऊ नका. सुकतळा फाटून चुंबक सुटला तर लगेच टाकून द्या. मुलाने दोन चुंबक गिळले तर ते आतड्याच्या भिंतींमधून एकमेकांना चिकटतात आणि आतड्याला भोक पडू शकते. अशा वेळी लक्षणांची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा.