जुना श्रेडर घेताय? आधी रोटर हाताने फिरवा

खरड छाटणी (द्राक्षवेलींची उन्हाळ्यातली छाटणी) उरकली की द्राक्षबागेच्या बांधावर काड्यांचे ढीग लागतात. त्या पेटवण्यापेक्षा कुट्टी करून बोदावर (वेलींच्या ओळीतल्या मातीच्या उंचवट्यावर) अंथरल्या तर एप्रिल-मेच्या उन्हात ओल टिकते. म्हणूनच या दिवसांत ट्रॅक्टरवर चालणाऱ्या जुन्या श्रेडरची, म्हणजे कुट्टी करणाऱ्या यंत्राची, शोधाशोध सुरू होते.

ताज्या रंगावर भाव ठरवू नका, वेल्डिंगचे जोड त्याच्याखालीच झाकलेले असतात. ट्रॅक्टर बंद करा, चावी खिशात ठेवा, पीटीओ शाफ्ट, म्हणजे ट्रॅक्टरची ताकद यंत्राला देणारा फिरता दांडा, सोडवा. मग झाकण उघडून, पात्यांपासून बोटे लांब ठेवत, रोटर (पाती बसवलेला फिरता भाग) सावकाश फिरवा. खरखर लागली किंवा रोटर वर-खाली हलला तर बेअरिंग गेले आहे. ते बदलता येते, तेवढे पैसे किमतीतून कमी करून घ्या. पण पात्याच्या बोल्टाजवळ किंवा रोटरला तडा दिसला तर ते यंत्र फुकट मिळाले तरी आणू नका. नंतर झाकण लावून, शाफ्टवर कव्हर असेल तरच तो जोडून, काडी घालून चालवून पाहा. तुकडे कापलेले न निघता चिरफाळून निघत असतील तर पाती बोथट झाली आहेत, नाहीतर समोरच्या स्थिर पात्यापासूनचे अंतर वाढले आहे. पाती बदलताना समोरासमोरची जोडीने बदला. वजनात फरक पडला की रोटर थरथरतो आणि नवे बेअरिंगही फार दिवस टिकत नाही.

जुन्या यंत्रांवर पीटीओ शाफ्टचे कव्हर बहुधा तुटलेले असते आणि ‘चालतंय की’ म्हणून तसेच सोडले जाते. शाफ्टचे मिनिटाला 540 फेरे म्हणजे सेकंदाला 9. पदर, ओढणी किंवा उपरण्याचे टोक अडकले तर ओरडायलाही वेळ मिळत नाही. काड्या गोळा करायला बागेत बायाच जास्त असतात. माझे कळकळीचे सांगणे आहे, नवे कव्हर बसल्याशिवाय शाफ्ट जोडूच नका.

यंत्रात काड्या घालण्याआधी त्यांतली तार आणि दगड वेचून काढा. अडकलेली काडी हाताने आत ढकलू नका, लांब लाकडी काठी वापरा. यंत्र तुंबले तर पीटीओ आणि ट्रॅक्टर दोन्ही बंद करा. जड रोटर त्यानंतरही काही वेळ फिरत राहतो. तो पूर्ण थांबल्यावरच झाकण उघडा. रोज सकाळी पात्यांचे बोल्ट आवळा, बेअरिंगला ग्रीस द्या.

मिलीबग (पिठ्या ढेकूण) किंवा करपा रोग असलेल्या काड्यांची कुट्टी मात्र शेण-युरिया घालून आधी नीट कुजवा. निरोगी कुट्टी बोदावर पसरा, मातीत गाडू नका; कच्चे लाकूड कुजताना मातीतले नत्र ओढते आणि वेलीची पाने पिवळी पडतात.